गप्प गाव

आमच्या गावात रात्री अकरानंतर एखादी मोटार गेली, तर ती कुणाची होती हे सकाळी निम्म्या गावाला माहीत असतं. पण कुणी कुणाला काही विचारत नाही. साताऱ्याकडे आमच्या आजोळी एसटीतून उतरलं, की पारावरून प्रश्न यायचा, "काय पावणं, कुणीकडं?" त्याचं उत्तर दिल्याखेरीज पाय पुढं टाकता येत नसे. इथं, इंग्लंडात ऑक्सफर्डशरच्या दक्षिण टोकाला चिल्टर्न टेकड्यांवर, दुसऱ्याचं सगळं माहीत असायला हरकत नाही. तोंडानं विचारलं तर मात्र आगाऊपणा.

लंडनहून येणारे पाहुणे शांततेच्या ओढीनं येतात आणि जून महिना असेल तर पहाटे चारला डोळे चोळत उठून बसतात. इथली पाखरं उजाडायची वाट पाहत नाहीत. रानकबुतरं छपरावर बसून एकच वाक्य तासभर घोळवतात, फेजंट कोंबडा कुंपणापलीकडे गंजलेली बिजागरी ओढल्यागत ओरडतो आणि कापणीचे दिवस असले तर कम्बाइन रात्री दहापर्यंत दिवे लावून शेतात फिरत असतो. वर घारी. तांबूस रंगाच्या, शेपटीला खाच असलेल्या, शीळ घालणाऱ्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून त्या मारून संपवल्या होत्या. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून सुमारे ९० पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली. आता हिरवळीवर सँडविच उघडं ठेवायची सोय उरलेली नाही. म्हणजे आमच्या आकाशातली ही सगळी वस्ती बाहेरगावची, माझ्यासारखीच. त्यांच्या आवाजाबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही.

तक्रारी इथं होतात, पण कागदावर. बसथांब्याशेजारी काचेचं दार असलेली एक फळी आहे. तिच्यावर पॅरिश कौन्सिलच्या सभेचं इतिवृत्त लागतं. ही कौन्सिलं १८९४ च्या कायद्यानं आली. आपल्या ग्रामपंचायतीची चुलत बहीण म्हणावी, फक्त हिच्या दारात फ्लेक्स नाहीत आणि जीपगाड्याही नाहीत. विषय ठरलेले: बाकाची मोडलेली फळी, कुत्र्यांच्या घाणीचा डबा, स्मशानातलं गवत, गावातून वीस मैलांच्या वर गाडी हाकणारे लोक. या शेवटच्या विषयासाठी तर गावातले निवृत्त लोक पिवळी जाकिटं घालून, हातात वेग मोजायचं यंत्र धरून रस्त्याच्या कडेला उभे राहतात. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहण्यासारखं असतं.

गावाचा खरा आवाज ऐकायचा असेल तर बांधकाम परवानगीच्या अर्जांवरच्या हरकती वाचाव्यात. त्या कुणालाही वाचता येतात. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी आजवर माझ्याशी "लव्हली मॉर्निंग" याच्या पलीकडे फारसं काही बोललेलं नव्हतं. समोरच्या घरानं माळ्याला एक खिडकी काढायचं ठरवलं तेव्हा याच गृहस्थांनी तीन पानी पत्र लिहिलं. छपराचा उतार, विटांचा रंग, बीचच्या झाडाची मुळं, रात्री खिडकीतून सांडणाऱ्या उजेडानं वटवाघळांची होणारी गैरसोय, शिवाय १९७४ साली अशीच एक खिडकी नाकारल्याचा दाखला. गद्य उत्तम होतं. पत्र गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते आणि समोरचे गृहस्थ कुंपणाशी उभे राहून टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलत होते. खिडकीचा उल्लेख दोघांनीही केला नाही. आमच्याकडे बांधावरून भांडण झालं की दोन पिढ्या एकमेकांच्या दारातून जात नाहीत, पण निदान भांडण झालं हे कानाला तरी कळतं.

दारातून जाण्याचं म्हणाल तर इथं लोक अक्षरशः एकमेकांच्या दारातून जातात. पिवळा बाण असलेल्या पायवाटा गव्हाच्या शेतातून, घोड्यांच्या कुरणातून आणि कधी कधी एखाद्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून गेलेल्या आहेत. हक्काच्या वाटा आहेत. शेतकऱ्यानं नांगरलं तरी वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. सुरुवातीला मला फार अवघडायला व्हायचं. आत एक बाई बटाटे सोलते आहे आणि मी हातभर अंतरावरून चाललेय. पुढं त्यातली पद्धत कळली. आपण समोर टेकडीकडे बघायचं, तिनं बटाट्याकडे. फाटकाची कडी मात्र परत लावायची, त्यात सूट नाही. या वाटांवर भेटणाऱ्या सगळ्या कुत्र्यांची नावं मला ठाऊक आहेत. मालकांपैकी चौघा-पाचांची.

या शांततेचं कौतुक करावं तर एक गोष्ट मनातून जात नाही: ती जुनी नाही. इथल्या बीचच्या रानात पूर्वी खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर बसत. बॉजर म्हणत त्यांना. झाडाच्या लवचीक दांड्याला दोरी बांधून पायानं चालवायचा लेथ, आणि कातलेले पाय गाडीनं हाय विकमच्या कारखान्यात. नेटलबेडला विटा भाजत, त्यातली एक बाटलीच्या आकाराची उंच भट्टी अजून घरांच्या मधोमध उभी आहे. शेतावर घोडे होते, घोडे होते म्हणून लोहार होता, आणि घराघरात पोरं होती. आता पोरं मोठी होऊन निघून जातात, कारण इथलं घर त्यांना परवडत नाही. घरं घेणारे माझ्यासारखे, आयुष्यभर दुसरीकडे आवाज करून आलेले. बस मोजकी, रविवारी तीही नाही. मला वाटतं निम्मी शांतता म्हणजे न आलेल्या बसची आणि गेलेल्या पोरांची आहे. दिवाणखान्यात बसून ती फार सुखाची वाटते, हे मान्य.

स्टोक रो हे जवळचंच गाव. तिथं रस्त्यालगत सोनेरी कळसाचा घुमट, घुमटाखाली नक्षीचे खांब, ओतीव लोखंडाचं रहाट आणि त्यावर हत्ती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडी बाजूला घेऊन उतरलेच. काशीच्या महाराजांनी, ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांनी, गावाला दिलेली ही विहीर आहे. जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होते आणि आपल्या भागातल्या पाणीटंचाईच्या गोष्टी त्यांनी महाराजांना सांगितल्या होत्या. टेकड्या खडूच्या, पाणी झिरपून पार तळाला जातं, त्यामुळे माथ्यावरच्या गावांचे उन्हाळ्यात हाल. १८६४ साली विहीर खुली झाली. चार फूट रुंद, ३६८ फूट खोल, आणि सगळी हातानं खणलेली. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलची उंची ३६५ फूट, म्हणजे ते उचलून यात उभं सोडलं तर कळसही बुडेल. साहेब हिंदुस्थानात जाऊन काय काय करून आला याच्या पाट्या जागोजागी असतात. उलट दिशेचा हिशेब सांगणारी जागा क्वचितच, म्हणून मी आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला तिथं नेते. आता तिथं घुमटाखाली कुणी नसतं. पण एवढ्या खोलातून बादली वर यायला वेळ लागत असणार आणि रांगेत बायका असणार, तेव्हा त्या काळी स्टोक रो गप्प होतं असं मला कुणी सांगू नये.

गाव ठरवून, अधिकृतपणे मोठ्यानं बोलतं ते बुधवारी संध्याकाळी, चर्चच्या मनोऱ्यात. इथं घंटेवर सूर वाजवत नाहीत, क्रम वाजवतात, म्हणजे कुठली घंटा कुठलीच्या मागून पडते ते दर खेपेला बदलत जातं. प्रत्येक घंटेला एक माणूस, एक दोर. सहा घंटा असतील तर त्यांचे ७२० क्रम होतात, आठ असतील तर ४०,३२०, आणि एकही क्रम दुसऱ्यांदा यायचा नाही. हे आठ घंटांचं पूर्ण आवर्तन १९६३ मध्ये लाफबरोला आठ जणांनी सलग वाजवलं. जवळजवळ १८ तास, जागेवरून न हलता. इंग्रज माणूस अबोल का, हे मला ही गोष्ट ऐकली त्या दिवशी कळलं. तो मनातल्या मनात मोजत असतो. गावं खरोखर मुकी झाली ती जून १९४० मध्ये. जर्मन उतरले तरच घंटा वाजवायची असा हुकूम निघाला आणि १९४३ पर्यंत, इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईतला विजय आणि १९४२ चा नाताळ असे अपवाद सोडले तर, रविवारसुद्धा मुके गेले.

आता मनोऱ्याला माणसं पुरत नाहीत. फळीवर चिठ्ठी लागली, अनुभवाची अट नाही. मी जाऊन विचारलं की मी तुमच्या धर्माची नाही, तर चालेल का? वाजवणाऱ्यांच्या प्रमुख बाईंनी मला सहापर्यंत मोजता येतं का एवढंच विचारलं. तेव्हापासून मी जाते. दोराला लोकरीची पट्ट्यापट्ट्यांची मूठ असते, तिला सॅली म्हणतात. ती वेळेवर सोडली नाही तर काही मणांची घंटा आपल्यालाच वर घेऊन जाते. "लुक टू" अशी हाक येते, सगळे दोर धरून सज्ज होतात, आणि पुढच्या दहा मिनिटांत मला आजोळ, सासर, भाजी, मुलांची फी, काहीही आठवत नाही.

मागच्या महिन्याच्या इतिवृत्तात कलम सातखाली एक ओळ होती: एका रहिवाशानं कळवलं आहे की अलीकडे बुधवारची दुसरी घंटा किंचित उशिरा पडते. त्यापुढं, "नोंद घेतली." दुसरी घंटा कोण वाजवतं हे गावात सर्वांना ठाऊक आहे. तीन पानी पत्रवाले शेजारी सकाळी फाटकाशी भेटले. लव्हली मॉर्निंग झालं. मग टोमॅटोच्या रोपांकडे बघत म्हणाले, "तरुणपणी मी पंचवीस वर्षं दुसरीच वाजवायचो. पहिलीच्या दोराकडे पाहू नका, तिचा आवाज ऐका."