तुम्ही विचारलंत म्हणून: चायनाटाउनच्या चर्चमध्ये मी काय करते

वसईला सुट्टीत गेले की कुणीतरी विचारतंच, तिकडे न्यूयॉर्कला कुठल्या चर्चला जाता गं, आणि चायनाटाउनच्या म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे चिनी लोकांच्या? तुला चिनी कळतं? आत्याने तर दोनदा विचारलंय. म्हणून आता लिहूनच टाकते.

नाही कळत. कँटनीज आणि मँडरिन या चिनी भाषांसोबत तिथे इंग्लिश मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, पण असते. जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथून वीसेक मिनिटं चालत मॉट स्ट्रीट. पहिल्यांदा गेले होते खरं म्हणजे मासळीला, हातात पापलेटाची पिशवी, आणि समोर हे दगडी चर्च, म्हटलं जरा टेकूया. चर्च ऑफ द ट्रान्सफिगरेशन, म्हणजे आपण प्रभूचं रूपांतर म्हणतो ते. नाव अगदी शोभतं, कारण या चर्चइतकी रूपं बदललेलं दुसरं मला तरी माहीत नाही.

इमारत 1801 ची, बांधली लुथरन लोकांनी, मग ती एपिस्कोपलियन लोकांकडे गेली (दोन्ही प्रोटेस्टंट पंथ) आणि 1853 मध्ये कॅथलिकांनी विकत घेतली. पण कॅथलिक धर्मग्राम, म्हणजे चर्चची माणसं, या खरेदीहून जुना, 1827 चा, आणि तो सुरू करणारे फादर फेलिक्स व्हारेला हे क्युबाचे! हवानात जन्म, स्पेनच्या संसदेत क्युबाला स्वायत्तता द्या आणि गुलामी बंद करा म्हणत होते, राजाची सत्ता परत आल्यावर मृत्युदंड झाला म्हणून पळून 1823 मध्ये न्यूयॉर्कला आले. आणि इथे सांभाळलं कुणाला तर गरीब आयरिश लोकांना. म्हणजे पहिल्यापासूनच फादर एका देशाचे, माणसं दुसऱ्या देशाची.

बाजूची वस्ती फाइव्ह पॉइंट्स, त्या काळची शहरातली सगळ्यात बदनाम झोपडपट्टी. आयरिश तिथे भाड्याच्या खोल्यांत कोंबलेले, वर शहरातले प्रोटेस्टंट त्यांना नाकं मुरडायचे. मग इटालियन यायला लागले, आणि याच आयरिश लोकांनी त्यांना मिस्सेला बसवलं कुठे, तर तळघरात! वर मुख्य चर्चमध्ये आयरिश, खाली इटालियन, देव एकच. मला हे वाचून पहिल्यांदा राग आला, मग आपल्याकडे कुठल्या बाकावर कोण बसायचं हे आठवलं आणि गप्प बसले.

1902 मध्ये चर्च सालेशियन फादरांकडे आलं, तेच डॉन बॉस्कोवाले, माटुंग्याची शाळा ज्यांची, आणि इटालियन वर आले. बाहेर पहिल्या महायुद्धात गेलेल्या मुलांच्या नावांची पाटी आहे, बहुतेक सगळी नावं इटालियन. मी ती नेहमी वाचते, काही आडनावं तर आता तोंडपाठ झालीत.

चिनी माणसं शेजारी होतीच, पण 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच बंदी, बायकापोरं आणता येईनात, त्यामुळे चायनाटाउन म्हणजे एकट्या पुरुषांची वस्ती. 1943 ला बंदी उठली तरी कोटा किती, तर वर्षाला 105. खरी कुटुंबं आली ती 1965 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर. त्याच कायद्याने आपले डॉक्टर-इंजिनिअर पण आले, त्यामुळे मी तिथे अगदीच उपरी नाही हं.

जवळच मलबेरी स्ट्रीटवर चिनी लोकांची फ्युनरल पार्लर्स, म्हणजे अंत्यविधीची तयारी करणारी ठिकाणं, आहेत. एकदा मिस्सेनंतर बाहेर पडले तर अंत्ययात्रा चाललेली, आणि पुढे चक्क ब्रास बँड. ही इटालियन लोकांची पद्धत, ते गेले तरी बँड राहिला आणि चिनी घरांनी उचलला. आपल्या लग्नातला बँड आठवून मी रस्त्यात उभी राहून ऐकत बसले, पापलेट पिशवीत गळत होतं.

बाकी भाषेचं म्हणाल तर माझी आजी जन्मभर मराठीच बोलली, आणि मराठी मिस्सा सुरू होईपर्यंत लॅटिन मिस्सेला बसली, एक शब्द कळत नसताना. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे ते तिला बरोबर माहीत असायचं. परवा माझी ट्रेन चुकली, इंग्लिश मिस्सा संपलेली, कँटनीजला बसले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी गाण्याचं पुस्तक बरोबर पान काढून माझ्या हातात दिलं. मी गायले नाही, पण पान तेवढं उलटत राहिले, त्यांच्याकडे बघून.