पापुद्रा

दुपारी माठाची जुडी निवडायला घ्यावी, तर एखादं पान वरून पिवळ्या ठिपक्यांचं निघतंच. उलटं केलं की खाली तांदळाच्या कणीएवढे पांढरे फोड. नखानं खरवडलं की पीठ सांडतं. भाजीवाली म्हणते, "काय नाय होत, खावा." तिचं खरं आहे. हा पांढरा तांबेरा माणसाला लागत नाही.

नाव मात्र चमत्कारिक. तांबेरा म्हणायचं आणि वर पांढरा! बरं, तो ना खरा तांबेरा, ना खरी बुरशी. गोत्र पाहिलं तर शेवाळांच्या जवळचं. पर्णरंध्रातून आत शिरायचं आणि पानाच्या कातडीखाली बीजाणूंच्या माळा उभ्या करायच्या, एवढंच त्याचं काम. खालून नवा मणी आला की वरचा पुढे रेटला जातो. पापुद्रा ताणतो, फुगतो, भाकरीसारखा टम्म होतो आणि फाटतो. तो फाटावा हीच तर रोगाची सोय. पानावर पाणी थांबलेलं असेल, तर एकेका बीजाणूतून पोहणारे, दोन शेपट्यांचे कण सुटतात आणि पुन्हा रंध्रं शोधतात. म्हणून संध्याकाळी झारीनं पानं भिजवू नयेत. सकाळी बुडाशी पाणी द्यावं. फोडाची पानं खुडून वाफ्याबाहेर टाकावीत, आणि त्याच वाफ्यात लगेच पुन्हा माठ पेरू नये.

माणसाचं गणित नेमकं उलटं. नवी कोल्हापुरी चावते, घासून कातडीचे थर मधेच सुटतात आणि पोकळीत स्वच्छ पाणी भरतं. इथे पापुद्रा टिकला पाहिजे. त्याच्याइतकी निर्जंतुक पट्टी कुठल्याच औषधाच्या दुकानात मिळत नाही. दिवसभरातच तळाच्या पेशी वाढायला लागतात, पाचेक दिवसांत वर नवा थर धरतो. पण आपल्याला दम कुठे! फोड दिसला की सोलायचा, ही खोड घरोघर. फारच ठणकत असेल तर साबणानं धुऊन, स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला टोचावं, पाणी दाबून काढावं आणि पापुद्रा तसाच खाली बसवावा. मधुमेह असेल तर सुईला हात लावू नये.

बिब्बा तर झाड आणि कातडी दोघांना जोडतो. टाचेत काटा मोडला की कुणीतरी बिब्ब्याचा चटका सुचवतंच. त्याच्या तेलाची एकदा ॲलर्जी जडली, की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी तिथे फोडांची रांग उठते. तोवर बिब्बा विस्मरणात गेलेला असतो आणि दोष वांग्यावर.

आणि नागीण. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं अजून सांगतात. ती जुळत नाहीत. कांजिण्यांचा दबून राहिलेला विषाणू सहसा एकाच बाजूच्या एका मज्जातंतूवाटे बाहेर येतो, आणि त्या मज्जातंतूची हद्द अंगाच्या मध्यरेषेशी संपते. औषध मात्र फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेलं बरं. नागीण उतरवणाऱ्याकडे दोन फेऱ्या झाल्या की ते तास संपलेले असतात.