नव्वद टक्के

रविवार, रात्री साडेअकरा

आज रंकाळ्यावर त्यानं मला ओळख दाखवली नाही.

झालंय एवढंच. लिहून काढलं की डोक्यातून जाईल म्हणून वही उघडली, तर हे एक वाक्य लिहून पेन तसंच हातात धरून बसलेय.

आई, मावशी आणि मी. पाऊस उघडलेला, त्यामुळं निम्मं कोल्हापूर तिथंच. कणसाच्या गाड्यापाशी तो उभा होता, दर गुरुवारी शाळेत माझ्याकडं समुपदेशनाला येणारा आठवीतला पोरगा, त्याच्या आईबरोबर. मला बघितलं. कणीस उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं (पेन्सिलीचंही तो हेच करतो, अवघड प्रश्न आला की हात बदलतो) आणि तळ्याकडं बघायला लागला. इतकं मन लावून, की पाण्यात कुणाचं काहीतरी पडलंय असं वाटावं. मी पुढं गेले. मावशी भेळेचं काहीतरी म्हणत होती.

आणि मला वाईट वाटलं. थोडंथोडकं नाही, चांगलंच.

गंमत म्हणजे नियम माझाच. पहिल्या गुरुवारी मीच त्याला सांगितलं होतं, बाहेर कुठं दिसलास तर मी आपणहून बोलणार नाही. तुला वाटलं तर तू बोल, नाही वाटलं तर नको, मला दोन्ही चालतं. आम्हा शिकाऊ समुपदेशकांचं काम तपासणाऱ्या गाइड मॅडमनी आमच्याकडून घोकूनच घेतलंय हे. पोरगं कुणाकडं जातंय ते आपल्यामुळं चारचौघांत कळायला नको. कोल्हापुरात तर नकोच नको, इथं एका पेठेत शिंकलं की दुसऱ्या पेठेतनं तब्येतीची चौकशी होते. 'मला दोन्ही चालतं' म्हणताना मी किती समजूतदार दिसत असेन!

गुपिताचंही त्याच दिवशी झालं. तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील, फक्त तुझ्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी कुठल्या मुलाला वाईट हात लावत असेल, तर मला ते सांगावंच लागतं, वाईट हाताचं तर २०१२ चा पॉक्सो कायदाच आहे तसा. त्यानं पेन्सिलीचा हात बदलला.

"म्हंजे किती टक्के गुपित, मॅडम?"

मी गडबडले आणि "नव्वद" म्हणून बसले. वर्बेटिममध्ये, म्हणजे झालेलं बोलणं शब्दन्शब्द लिहून द्यायचं असतं त्यात, गाइड मॅडमनी त्या नव्वदभोवती लाल गोल काढलाय. शेजारी लिहिलंय : आकडा कुठून आणलास?

आमची खोली म्हणजे शाळेची खेळाच्या सामानाची खोली. लेझमांचा ढीग, हवा गेलेले फुटबॉल, आणि भिंतीवर मी चिकटवलेला टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा कागद, १४४१६. कुणी रडायला आलं की नेमकं दारातून एक डोकं आत येतं, "मॅडम, बॉल." तिथं बसून त्याला मनाचा आकडा विचारायचा असतो. शून्य ते दहा, आज कुठं आहेस? त्याला ते शून्य-दहा जमेचना. दुसऱ्या आठवड्यात त्यानंच फुटांवर नेलं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. ज्याचं घर २०१९ ला पुरात गेलं आणि २०२१ ला पुन्हा गेलं त्याला तर... असो. तर तो येतो आणि बसायच्या आधी सांगतो, "आज एकतीस." एकदा म्हणाला, "छत्तीस हाय, पण राधानगरीचे दरवाजे उघडल्यात." म्हणजे आत्ता ठीक आहे, रात्रीपर्यंत चढणार. त्या दिवशी मी वर्गशिक्षिकांना थांबवून त्याच्या घरच्यांना शाळेत बोलवायला सांगितलं. कुणी आलं नाही. पण शून्य-दहाच्या पट्टीवर मला हे कधी कळलं असतं?

मग आज किती होतं? कणीस हातात असताना? ते कळायला मला भुवई तरी उडवलेली हवी होती.

हेच ते. भुवई हवी होती मला. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स, १९५७, समोरच्याचा बिनशर्त स्वीकार, दहा मार्कांना लिहून आलेय मी. त्यात समुपदेशकाला परत काय मिळावं याबद्दल अवाक्षर नाही.

मंगळवारचं वस्तीतलं काम याच्या बरोब्बर उलटं. आशाताई सोबत असतात, बायका उंबऱ्यातच बसून बोलतात, शेजारीण मध्येच दुरुस्त्या सांगते. परवा कपिलतीर्थ मार्केटात मी मेथीची जुडी बघत होते, तर पलीकडनं एकजण ओरडली, "ओ मॅडम, झोप लागालीय बघा आता! गोळी बी अर्धीच केली डॉक्टरनी!" अख्ख्या मार्केटानं माना वळवल्या. गुप्ततेचा पार बाजार उठला. आणि मी दिवसभर खूश होते. मेथी दहा रुपयांनी महाग घेतली तरी खूश.

हे लिहून बघताना फारसं बरं दिसत नाही.

दोन बस बदलून जाते, रुपया मिळत नाही, शाळेच्या हजेरीवहीत माझ्या नावापुढं 'शिकाऊ' असं लिहिलंय आणि त्याखाली कुणीतरी रेघ मारलीय. पुण्याला गेलेल्या दोघी आता घर बघतायत म्हणे. बाबा जेवताना विचारतात, हे संपल्यावर काय? आणि वर आता आठवीतलं पोरगं ओळख देत नाही म्हणून मी रात्री साडेअकराला... जाऊ दे.

त्याच्या आईचं मात्र राहून राहून येतंय डोळ्यापुढं. संमतीपत्रावर सही बघितलीय फक्त. सात गुरुवार मी तिच्याबद्दल ऐकतेय. आज ती गाडीवाल्याशी लिंबावरून भांडत होती आणि भांडता भांडता हसत होती. माझ्या नोंदींमधली बाई हसत नाही. हे पुन्हा कधीतरी.

(ओळखू येण्यासारखं जे होतं ते बदललंय. कणीससुद्धा कणीस नसेल.)

झोपायच्या आधी एक लिहायलाच हवं. घरी येताना आईनं विचारलं, "ओळखीचा होता का गं तो मुलगा? दोनदा वळून बघितलंस." मी "कुठला?" म्हटलं. दोनदा! मला तर एकदाच आठवतंय. त्यानं एकदाही मान हलवली नाही, आणि नियम शिकवणारी बाई माना वळवत निघालेली. त्याच्या आईनं बघितलं असतं तर विचारलंच असतं, कोण रे ती? मग काय सांगितलं असतं त्यानं? हात बदलून बदलून कणीस सांडलं असतं पोराचं.

आता हसू येतंय. उशिरा येतंय, पण येतंय.

गुरुवार

आला. "तेहतीस," म्हणाला आणि बसला. रंकाळ्याचं त्यानं काढलं नाही. मी काढायचं नाही असं ठरवून गेले होते, तेवढं जमलं. घटक चाचणी, मामाची गाडी, तालमीच्या टीममध्ये कुणाला घेतलं नि कुणाला नाही. मध्ये एकदा बॉल न्यायला डोकं आलं. अजून पाच गुरुवार उरलेत हे मी हळूहळू सांगायला सुरुवात करायला हवी होती. आज नाही केली.

बेल झाली. दप्तर खांद्यावर टाकून दारापर्यंत गेला आणि वळला.

"मॅडम, त्या हिरव्या साडीतल्या तुमच्या आई काय?"

"हो."

"लई बारीक बघत होत्या सगळीकडं. तुमाला सोडत नसतील घरात."

"न्हाई सोडत," मी म्हटलं.

हे आता वर्बेटिममध्ये लिहायचंय. लाल गोल कुठं पडणार ते दिसतंय मला.