जेवताना गावांच्या भेंड्या

आमच्याकडे रात्री ताटं वाढली की टीव्ही बंद आणि गावांच्या भेंड्या सुरू. दिवसभरात आम्ही चौघं एकत्र बसतो ते तेवढाच वेळ, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. नियम एकच: घास गिळल्याशिवाय गाव सांगायचं नाही. दुधीची भाजी ताटाच्या कडेला सारणारी धाकटी आता गाव आठवता आठवता ती संपवते.

सोलापूर, कोल्हापूर, नागपूर, चंद्रपूर... सगळी 'र'वरच येऊन थांबतात! रत्नागिरी, राजापूर, रावेर, रोहा संपले की सगळे छताकडे बघतात. परवा सासूबाईंनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "राहुरी."

पुन्हा 'र'! धाकटीला हसून हसून ठसका लागला. "आजी, तू मुद्दाम केलंस!"

आजींनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या कानात हळूच सांगितलं, "राजगुरुनगर."