टोकियो डिस्नेलँडला जाताना आधी मुलाची उंची मोजा

विमानाची तिकिटं बघण्याआधी दोन आकडे लिहून ठेवा: मुलाची उंची आणि पार्कात जाण्याच्या दिवशी त्याचं असणारं वय. लहान मुलाला घेऊन टोकियो डिस्नेलँडला जायचं, तर बाकीचं सगळं नियोजन या दोन आकड्यांवरून ठरतं. पार्कातल्या राइडची (पाळण्यांची) यादी आधी करून मूल त्यात बसवायला गेलं, की दुपारी दोनच्या सुमारास दिवस हातातून सुटतो.

वयाचा हिशेब सोपा आहे. त्या दिवशी मूल ३ वर्षांचं किंवा त्याहून लहान असेल तर तिकीट लागत नाही. ४ ते ११ वर्षांच्या मुलांचं तिकीट वेगळं, १२ ते १७ चं वेगळं आणि १८ पासून मोठ्यांचं. म्हणजे चौथा वाढदिवस तोंडावर आला असेल, तर सहल त्याच्या अलीकडे घेतलेली बरी.

उंची मात्र सेंटिमीटरमध्ये नीट बघावी लागते. डिस्नेलँडमध्ये बेमॅक्सच्या गोल फिरणाऱ्या राइडला ८१ सेंमी पुरतात. स्प्लॅश माउंटन आणि टूनटाउनमधला छोटा गॅजेट कोस्टर यांना ९० लागतात, तर बिग थंडर माउंटन आणि स्टार टूर्स यांना १०२. शेजारच्या डिस्नेसीत, म्हणजे याच रिसॉर्टच्या दुसऱ्या पार्कात, नीमोची सीरायडर आणि फ्लाउंडरचा कोस्टर ९० वर येतात. सोअरिंग, टॉवर ऑफ टेरर आणि पीटर पॅनची नेव्हरलँड राइड १०२ वर. इंडियाना जोन्स, रेजिंग स्पिरिट्स आणि पृथ्वीच्या पोटात नेणारी राइड यांना थेट ११७ लागतात. मोजमाप राइडच्या तोंडाशीच होतं आणि थोडं कमी पडलं तरी सोडत नाहीत. पाठीचा कणा दिवसभरात किंचित दबतो, त्यामुळे सकाळी १०२ भरणारं मूल संध्याकाळी १०१ आणि काही मिलिमीटर भरू शकतं. उंची अगदी सीमेवर असेल तर ती राइड सकाळीच उरका. जाड तळव्याच्या बुटांची युक्ती करू नका. ही मर्यादा मांडीवरचा दांडा मुलाला नीट धरून ठेवेल की नाही, यावर ठरलेली असते.

यावरून पार्क निवडायचं. उंची १०२ च्या खाली असेल आणि एकच दिवस हाती असेल, तर माझ्या मते डिस्नेलँडच घ्यावं. इथे विनी द पू या अस्वलाच्या मधाच्या बरण्या, डंबो, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, घोड्यांचं मेरी-गो-राउंड आणि वेस्टर्न रिव्हरची आगगाडी आहे. ब्यूटी अँड द बीस्टलाही उंचीची अट नाही, फक्त मुलाला आधाराशिवाय बसता आलं पाहिजे. पूच्या राइडमधल्या बरण्यांना रूळ नाहीत. त्या कधी मागे सरकतात, कधी गिरकी घेतात, आणि मुलांना हे फार आवडतं. दोन दिवस असतील तर दुसरा डिस्नेसीला द्या. तिथल्या मरमेड लॅगूनचा मोठा भाग छताखाली असल्याने पावसात तो आधार ठरतो. ६ जून २०२४ ला सुरू झालेल्या डिस्नेसीच्या फँटसी स्प्रिंग्ज या भागात फ्रोझन आणि रॅपुन्झेल या दोन्ही राइडना उंचीची अट नाही. सिंदबादच्या होडीची रांग बहुतेक वेळा छोटी असते. दमलेल्या मुलाला थंडाव्यात दहा मिनिटं बसवायला याहून चांगली जागा नाही.

तारीख ठरवताना तिकिटांच्या दराकडे बघा. ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्यांचं एक दिवसाचं तिकीट तारखेनुसार ७,९०० ते १०,९०० येन आणि ४ ते ११ वयाचं ४,७०० ते ५,६०० येन असं ठेवलं गेलं. काढण्याआधी ताजे दर अधिकृत संकेतस्थळावर तपासा. दर चढा असेल त्या दिवशी गर्दीही तितकीच धरायची, इतका हा गर्दीचा अंदाज भरवशाचा आहे. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक टाळा. बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसलेल्या आणखी तीन तारखा आहेत: १५ जून हा चिबा प्रांताचा दिवस, १ ऑक्टोबर हा टोकियोचा आणि १४ नोव्हेंबर हा साइतामाचा. त्या त्या भागातल्या बऱ्याच शाळांना त्या दिवशी सुट्टी असते, त्यामुळे साधा मंगळवारही रविवारसारखा भरतो. जानेवारी-फेब्रुवारीत रांगा कमी असतात, पण पार्क टोकियो उपसागराच्या काठावर आहे. संध्याकाळी वारा बोचतो, मुलाला कानटोपी आणि हातमोजे हवेतच. तिकीट विक्री साधारण दोन महिने आधी, जपानच्या वेळेनुसार दुपारी २ वाजता उघडते. टेबलावर बसून जेवायच्या उपाहारगृहांची नोंदणी एक महिना आधी, सकाळी १० वाजता.

टोकियो स्टेशनवर पहिली चूक होते. पार्कजवळच्या माइहामा स्टेशनला जाणाऱ्या केइयो रेल्वेमार्गाचे फलाट बाकीच्या फलाटांपासून फार लांब, जमिनीखाली आहेत. बाबागाडी आणि मूल घेऊन तिथवर पोचायला पंधरा-वीस मिनिटं धरा. लिफ्ट शोधण्यातही वेळ जातो. गाडीचा प्रवास जेमतेम पाव तासाचा, त्यामुळे चालणंच जास्त होतं! तुमचं हॉटेल हिबिया मेट्रोवर असेल तर हाच्चोबोरीला गाडी बदला, युराकुचो मेट्रोवर असेल तर शिन-किबाला. दोन्हीकडे केइयो मार्ग मिळतो आणि टोकियो स्टेशनची पायपीट वाचते. शाळेत न जाणाऱ्या, सहा वर्षांखालच्या दोन मुलांना एका मोठ्या माणसाबरोबर भाडं पडत नाही. हानेदा आणि नारिता विमानतळांवरून रिसॉर्टपर्यंत थेट बसही आहे. सामान जास्त असेल तर तीच घ्या.

मूल दुपारी झोपणारं असेल तर रिसॉर्टमधल्या हॉटेलवर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. मात्र रिसॉर्टमध्ये फिरणाऱ्या मोनोरेलची दिशा आधी समजून घ्या. ती एकाच बाजूने फिरते: गेटवे, डिस्नेलँड, बेसाइड, डिस्नेसी आणि पुन्हा गेटवे. बरीच हॉटेलं बेसाइडजवळ आहेत. डिस्नेलँडवरून बेसाइड पुढचंच स्टेशन, पण डिस्नेसीवरून तिथे जायला जवळजवळ पूर्ण फेरी मारावी लागते. झोपेसाठी हॉटेलवर परतायचा बेत डिस्नेलँडच्या दिवशीच जमतो. त्याच दिवशी पुन्हा आत येता येतं, फक्त बाहेर पडताना दारावरच्या माणसाला तसं सांगा.

पार्क ९ ला उघडणार असेल तर ८ ला दाराशी असा. दार बऱ्याचदा जाहीर वेळेआधी उघडतं. अधिकृत ॲप आदल्या रात्री उतरवून घ्या, खातं उघडा आणि सगळ्यांची तिकिटं एकाच फोनमध्ये जोडा. पैसे देऊन रांग टाळायचा प्रीमियर ॲक्सेस आत शिरल्यावरच घेता येतो. एका राइडला माणशी साधारण १,५०० ते २,००० येन पडतात, आणि चार वर्षांच्या मुलालाही तेवढेच. गडबड होते ती इथे: गटातलं एक माणूस मुलाला घेऊन दाराबाहेर स्वच्छतागृहात असेल, तर त्याच्या नावाचा पास निघत नाही. सगळे आत आल्यावरच ॲप उघडा. मुलासाठी दिवसाला एकच पास घ्यायचा झाला, तर ब्यूटी अँड द बीस्टला घ्या. तिथली रांग सगळ्यात जिवावर येते.

मोठ्यांना कोस्टर हवा आणि मूल उंचीत बसत नाही, अशा वेळी आळीपाळीने बसायची सोय आहे. सगळ्यांनी मिळून राइडच्या तोंडाशी जायचं, मूल दाखवायचं आणि तसं सांगायचं. एकाने आधी बसायचं, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं. नंतर दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. मूल न नेता एकट्याने जाऊन विचारलं तर ही सोय मिळत नाही.

बाबागाडी रांगेत नेता येत नाही, ती राइडबाहेर ठेवायची. कर्मचारी गाड्या नीट लावताना त्या हलवतात, म्हणून दांड्याला भडक रंगाची फीत बांधा आणि गाडीत पासपोर्ट ठेवू नका. बेबी सेंटरमध्ये दूध पाजायची खोली, डायपर बदलायचे ओटे, दुधाच्या पावडरीसाठी गरम पाणी आणि लहान मुलांच्या उंचीची स्वच्छतागृहं आहेत. पाण्याची बाटली आणि बाळाचं खाणं आत नेता येतं, घरचा डबा मात्र नाही. डबा उघडायचा तर दाराबाहेर सहलीची जागा आहे. शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, बिनमांसाच्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचं पाणी असू शकतं. शंका आली की विचारा.

मूल हरवलं तर ध्वनिक्षेपकावर नाव पुकारत नाहीत. जवळच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला लगेच गाठायचं. मुलाच्या मनगटावर तुमचा चालू असलेला फोन नंबर, देशाच्या कोडसकट, सकाळीच बांधा. त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा एक फोटोही काढून ठेवा.

मिरवणुकीसाठी जमिनीवर चटई एक तास आधीपासूनच अंथरता येते, त्याआधी नाही. पुढच्या ओळीत बसूनच बघायचं असतं आणि तीच जागा मुलांच्या उंचीला बरी. रात्रीची इलेक्ट्रिकल परेड पाऊण तासाची आहे, पाऊस आला तर रद्द होते. आतषबाजी नुसत्या वाऱ्यानेही रद्द होते, म्हणून मुलाला तिचं वचन देऊन ठेवू नका. परेड संपली की सगळी गर्दी एकदम माइहामा स्टेशनकडे वळते. मूल जागं असेल तर शेवटचा रथ दिसताच निघा. झोपलं असेल तर अर्धा तास बाकावर थांबून मग गाडी पकडा, कारण भरलेल्या डब्यात झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन बाबागाडी मिटावी लागते आणि त्याला दोन मोठी माणसं लागतात.