इंटरव्हलनंतरची भूक: वहीतला नवा रकाना

या टप्प्यात नोंदवहीत एक रकाना वाढवला आहे: व्यायामानंतरची भूक. शून्य ते दहामधला आकडा, सायकलवरून उतरल्याबरोबर, मग अर्ध्या तासाने, दीड तासाने आणि जेवणाआधी. शेजारी ग्लुकोमीटरचं रीडिंग. मला टाइप २ मधुमेह आहे, औषध फक्त मेटफॉर्मिन.

मिनिटभर जीव तोडून, मिनिटभर सावकाश, असे इंटरव्हल केले की भूक चक्क मरते. तेवढाच वेळ रमतगमत चालवली तर आकडा जवळपास जागचा हलत नाही. दीड तासाच्या नोंदीपर्यंत मात्र भूक परत आलेली असते.

जोराच्या व्यायामात रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं आणि जठरातून येणारं, भूक चेतवणारं घ्रेलिन (सक्रिय रूपातलं) काही काळ घटतं. आतड्यातून येणारी पीवायवाय आणि जीएलपी-१ ही तृप्तीची संप्रेरकं वाढतात. भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक चरबीतून येतं. एका सत्राने त्यात फारसा फरक पडत नाही.

मला सगळ्यात भुरळ घातली ती लॅक-फे या रेणूने. लॅक्टेट आणि फेनिलअॅलनिन जोडून शरीर तो बनवतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तो दिल्यावर लठ्ठ उंदीर कमी खाऊ लागले. माणसांत तो स्प्रिंटनंतर सर्वांत जास्त वाढला, त्याखालोखाल वजनं उचलल्यावर, संथ व्यायामात सर्वांत कमी. पुढे २०२४ मध्ये दिसलं की मेटफॉर्मिननेही लॅक-फे वाढतं! मग माझ्या आकड्यांत गोळीचा वाटा किती? सावकाश सायकलच्या दिवशीही गोळी तीच आणि तेवढीच असते, म्हणून दोन दिवसांमधल्या फरकाचं श्रेय मी जोरालाच देतो.

साखरेचा रकाना वेगळंच बोलतो. इंटरव्हलनंतर लगेच रीडिंग बहुधा चढलेलं असतं, कारण अॅड्रेनॅलिनच्या हुकमाने यकृत साखर सोडतं. ते पाहून घाबरू नका, थोड्या वेळाने पुन्हा मोजा.

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (शरीरातलं इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगतो: काही तासांनी, अगदी रात्रीसुद्धा, साखर खाली जाऊ शकते. थरथर, घाम आणि अचानक उसळलेली भूक एकत्र आली तर ती घ्रेलिनची नेहमीची हाक समजू नका. आधी मोजा. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. इंटरव्हल सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलाच, विशेषतः हृदयाचा किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल तर.

माझ्यापुरता एक बदल केला आहे: जेवण इंटरव्हलनंतर तासाभराच्या आत घेतो, भूक शांत असतानाच. ताटात काय घ्यायचं ते मग डोकं ठरवतं. पुढच्या टप्प्यात हाच रकाना वजनांच्या दिवशी भरणार आहे. कुणी आधीच भरत असेल तर दीड तासाचा आकडा जरूर कळवा.