पाय ठेका धरत होता

हेलिकॉप्टरं समुद्रावरून झेपावत येतात, त्यांच्यावरच्या कर्ण्यांतून जर्मन संगीतकार वाग्नरचं संगीत घुमतं आणि माझा पाय नकळत ठेका धरतो. काल रात्री 'अपोकॅलिप्स नाऊ' हा व्हिएतनाम युद्धावरचा सिनेमा पुन्हा बघताना हेच झालं. अंगावर काटा आला, तोही आनंदाचा!

मग एकदम शांतता. व्हिएतनाममधलं गाव. शाळेच्या अंगणात पांढऱ्या कपड्यांतली मुलं. लांबून तेच सूर जवळ येऊ लागतात आणि पळापळ सुरू होते.

पाय थांबला. क्षणापूर्वी मीही त्या हेलिकॉप्टरमध्येच होतो ना, अगदी खुशीनं.

दिग्दर्शक कोपोलानं १९७९ साली ती शांतता ठेवली. कित्येक युद्धपट ती ठेवतच नाहीत, नुसता जल्लोष करतात.

सकाळपासून तीच धून डोक्यात आहे. आणि खरं सांगतो, अजूनही सुंदर वाटतेय. तुमचंही होतं का असं?